ताडोबाची बॅग तामान नेगाराला चालत नाही! दमट जंगलात जाताना काय न्यायचं, काय घरी ठेवायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बॅगेत एकही कोरडा मोजा उरला नव्हता. पहिल्या संध्याकाळी धुतलेला टी-शर्ट खोलीतल्या दोरीवर तसाच ओलागच्च लटकत होता. जीन्स एकदाच पावसात भिजली होती, पण तिला कुबट वास येऊ लागला होता. पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या. फोन चार्जिंगला लावला की पोर्टमध्ये ओलावा असल्याचा इशारा स्क्रीनवर येत होता.

हे घडलं मलेशियातल्या तामान नेगारा या राष्ट्रीय उद्यानात. जंगलातल्या लाकडी निरीक्षण मचाणावर एक रात्र काढायची, यासाठीच मी तिथं गेलो होतो. मचाणापर्यंत काही तास चालायचं होतं. चिखल्या झालेल्या पायांनी ते जमणार नव्हतं. ती रात्र मी गावातल्या खोलीत पाय पंख्यासमोर धरून काढली.

बॅग भरताना मी आळस केला होता, असंही नाही. ताडोबाला तीनदा जाऊन आल्यामुळे 'जंगलाची यादी' पाठ होती. टोपी, गॉगल, खाकी सुती शर्ट, जीन्स, चांगले जाड बूट. आईनं वरून आणखी दोन सुती बनियन कोंबले होते. "उकाड्यात सुतीच बरं," हे तिचं म्हणणं. विदर्भात ते शंभर टक्के खरं आहे. तामान नेगारात ते का चुकतं, हे एकदा कळलं की बाकीची बॅग कशी भरायची हे सांगावं लागत नाही.

तामान नेगारा म्हणजे काय?

मलय भाषेत 'तामान' म्हणजे बाग आणि 'नेगारा' म्हणजे देश. 'नेगारा' हा शब्द संस्कृत 'नगर'वरून तिकडे गेलेला. म्हणजे नावाचा अर्थच 'राष्ट्रीय उद्यान'.

पाहांग, केलांतान आणि तेरेंगानू या तीन राज्यांत पसरलेलं हे जंगल ४,३४३ चौरस किलोमीटरचं आहे. आपल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या साधारण अडीचपट. ब्रिटिश काळात त्याचं नाव किंग जॉर्ज पाचवा राष्ट्रीय उद्यान असं होतं, स्वातंत्र्यानंतर ते बदललं. मलेशियाच्या द्वीपकल्पातलं सर्वांत उंच शिखर गुनुंग तहान (२,१८७ मीटर) याच जंगलात आहे.

बहुतेक पर्यटक क्वालालंपूरहून जेरांतुटमार्गे क्वाला तहान या नदीकाठच्या गावात येतात. गाव एका काठावर, उद्यानाचं कार्यालय आणि जंगलाच्या वाटा दुसऱ्या काठावर. मध्ये तेंबेलिंग नदी. ती छोट्या होडीनं ओलांडायची.

ताडोबापेक्षा मोठा फरक इथंच आहे. इथं जिप्सी नाही. चालायचं किंवा होडीनं जायचं. वाघ आहेत, हत्ती आहेत, टॅपिर आहेत, पण जंगल इतकं दाट की ते क्वचितच दिसतात. शिवाय पाऊस वर्षभर कधीही येतो. साधारण नोव्हेंबर ते जानेवारी हे सर्वांत ओले महिने. बाकीच्या काळातही दुपारची एखादी जोरदार सर गृहीतच धरायची.

कपडे वाळतच नाहीत, असं का होतं?

इथं थोडं गणित करू. सोपं आहे.

हवेत किती बाष्प मावेल, हे तापमानावर ठरतं. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम बाष्प मावतं. जंगलातली आर्द्रता ८५ टक्के धरली, तर त्यातली साडेपंचवीस ग्रॅमची जागा आधीच भरलेली असते. तुमच्या ओल्या टी-शर्टसाठी उरते फक्त साडेचार ग्रॅमची जागा.

आता मे महिन्यातलं चंद्रपूर घ्या. तापमान ४४ अंश, दुपारची आर्द्रता २० टक्के. या हवेत साधारण ६२ ग्रॅम बाष्प मावू शकतं आणि भरलेलं असतं जेमतेम १२ ग्रॅम. उरलेली जागा ५० ग्रॅमची. म्हणजे तामान नेगाराच्या दहापटीहून जास्त. त्यातच दाट झाडीत वारा नसतो. त्यामुळे कपड्याभोवतीची ओली हवा हलतच नाही.

घामाचंही हेच. एक लिटर घामाचं पूर्ण बाष्पीभवन झालं, तर तो शरीरातली सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तरच. नुसता निथळून खाली पडला, तर अंग ओलं होतं, थंड होत नाही. म्हणूनच ३० अंशांत आपण इथं ताडोबाच्या ४० अंशांपेक्षा लवकर थकतो.

मग सुती की सिंथेटिक?

सुताचा तंतू पाणी आत शोषतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेतसुद्धा सुती कापड आपल्या वजनाच्या साधारण ७-८ टक्के पाणी नुसतं हवेतून ओढून धरतं. पॉलिएस्टरच्या बाबतीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असतं. पॉलिएस्टर भिजतं, पण पाणी धाग्यांच्या मधल्या फटींत राहतं. ते पिळून निघतं, उरलेलं अंगाच्या उबेनं निघून जातं.

कोरड्या उन्हात सुती कपडा घाम शोषून हळूहळू वाळतो आणि गारवा देतो. दमट जंगलात तो शोषतो आणि तिथंच थांबतो. मग शिवण काचते, मांड्या सोलवटतात, घामोळ्या येतात. जीन्स तर सर्वांत वाईट: जाड, जड आणि दोन-दोन दिवस न वाळणारी.

म्हणून चालण्यासाठी पातळ पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे कपडे घ्या. क्रिकेट-फुटबॉलचे जर्सी टी-शर्ट मिळतात, तसले स्वस्तातलेही चालतात. मात्र पूर्ण बाह्यांचे आणि सैल. पँटही पूर्ण लांबीची, पातळ. गडद निळा आणि काळा रंग टाळा, फिकट कपड्यावर जळू आणि गोचीड लगेच दिसतात.

आतल्या कपड्यांनाही हाच नियम लावा. सुती अंतर्वस्त्रांऐवजी सिंथेटिक, घट्ट बसणारी घेतली तर मांड्या काचत नाहीत. सोबत पेट्रोलियम जेलीची छोटी डबी ठेवा. सकाळी निघतानाच मांड्या आणि काखा यांना लावायची. काचल्यावर लावून फारसा उपयोग नाही.

एक जोड ओला, एक जोड कोरडा

संपूर्ण यादीतला सर्वांत महत्त्वाचा नियम हाच. दमट जंगलात सगळे कपडे कोरडे ठेवणं शक्य नाही. एकच जोड कोरडा ठेवणं शक्य आहे.

त्यामुळे कपड्यांचे दोन गट करा. पहिला चालायचा. तो भिजणारच आहे, भिजू द्या. संध्याकाळी धुवा, पिळा आणि टांगा. पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर पायानं दाब दिला, तर बरंच पाणी निघतं.

दुसरा गट झोपायचा. एक टी-शर्ट, एक पायजमा, एक मोजाजोड. हे तिन्ही जाड झिपलॉक पिशवीत, हवा काढून बंद. पिशवी उघडायची ती फक्त रात्री, अंग पुसून झाल्यावर. हा गट सुती असला तरी हरकत नाही. आईचे बनियन इथं कामाला येतात.

अवघड भाग सकाळी येतो. कालचा ओलसर शर्ट अंगावर चढवणं नको वाटतं आणि हात कोरड्या पिशवीकडे जातो. मी पहिल्याच सकाळी तेच केलं. दुपारच्या सरीत तोही जोड भिजला आणि रात्रीसाठी काही उरलं नाही. सकाळी ओला शर्ट घाला. पाच मिनिटांत तो अंगाइतका गरम होतो.

खोलीला एसी असेल, तर कपडे बाथरूममध्ये न टांगता एसीच्या खोलीत टांगा. एसी हवेतलं बाष्प थंड करून पाण्याच्या रूपात बाहेर टाकतो. त्यामुळे तीच गावातली सर्वांत कोरडी जागा असते.

पायांसाठी काय?

पायांवर सहल ठरते. माझे चामड्याचे जाड बूट एकदा भिजले ते मुंबईला येईपर्यंत वाळले नाहीत. 'वॉटरप्रूफ' बुटांचंही तसंच होतं. वरून, घोट्याजवळून पाणी आत गेलं की बाहेर पडायला वाट नसते.

स्थानिक वाटाड्यांच्या पायांत पाहिलं तर काळे, साध्या रबराचे, खाली जाड खुंट्या असलेले बूट दिसतात. मलेशियात त्यांना गमतीनं 'आदिदास कंपुंग' म्हणतात. 'कंपुंग' म्हणजे गाव. कंपनीशी त्यांचा काही संबंध नाही. ते स्वस्त असतात, पाणी शोषत नाहीत, चिखलात पकड देतात आणि नदीत खळबळून लगेच स्वच्छ होतात. आपल्याकडे जाळीचे, पटकन निथळणारे ट्रेल शूज असतील तर तेही उत्तम. नवे कोरे बूट मात्र थेट जंगलात नेऊ नका, आधी दोन आठवडे घरी वापरा.

पातळ सिंथेटिक मोज्यांचे तीन जोड पुरतात. दुपारी थांबलात की बूट-मोजे काढा, पाय पुसा, दहा मिनिटं हवा लागू द्या. रात्री पाय धुऊन बोटांच्या मधली जागा पूर्ण कोरडी करा. चिखल्यांना सुरुवात झाली, तर बुरशीवर लावायचं मलम लगेच सुरू करायला हवं. ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घेऊन ठेवा.

जळवा, डास आणि खरा धोका

पावसानंतर वाटेवर जळवा असतातच. आपल्या सह्याद्रीत, आंबोलीत पावसाळ्यात फिरलेल्यांना त्या नव्या नाहीत. दिसायला किळसवाण्या, पण त्यांच्यामुळे सहसा आजार पसरत नाही. चावताना त्या रक्त गोठू न देणारा पदार्थ सोडतात. त्यामुळे जळू पडल्यावरही बराच वेळ रक्त वाहत राहतं.

मीठ, तंबाखू, चुना किंवा लायटर वापरू नका. त्रास झाला की जळू पोटातलं जखमेत ओकू शकते. नखानं किंवा एखाद्या कार्डाच्या कडेनं तिचं तोंड कातडीवरून बाजूला सरकवा. जागा साबणानं धुवा, कापसाच्या पट्टीनं दाबून धरा. टाळायचं असेल तर दाट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे 'लीच सॉक्स' मिळतात. ते मोज्यांवर घालून पँट त्यात खोचायची.

जळूपेक्षा डासाची काळजी जास्त करा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. या देशात माकडांमधला मलेरियाचा एक परजीवी डासांमार्फत माणसालाही होतो. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या तुम्हाला लागतील का, हे जाण्याच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर मिळालेली गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका.

डास पळवणारं क्रीम घेताना लेबल वाचा. २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन असलेलं घ्या. डीट प्लॅस्टिक खराब करतं. चष्म्याची फ्रेम, घड्याळ आणि फोनच्या कव्हरला हात लावण्याआधी तळवे पुसा. सनस्क्रीन लावणार असाल, तर ते आधी आणि डासांचं क्रीम नंतर. सनस्क्रीन मुख्यतः होडीत लागतं. झाडीत ऊन खाली पोहोचतच नाही.

औषधांच्या पिशवीत काय असावं?

ओआरएस सर्वांत आधी. गावाचं नाव क्वाला 'तहान' असलं तरी आपल्या तहानेशी त्याचा संबंध नाही. पण तहान लागेपर्यंत थांबू नका. दिवसभराच्या चालीसाठी माणशी दोन ते तीन लिटर पाणी धरा. ओआरएसच्या पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल, तर ते पूर्ण एक लिटरमध्येच घाला. अर्ध्या बाटलीत 'कडक' करून पिऊ नका.

तापासाठी फक्त पॅरासिटामोल. डेंग्यूची शक्यता असलेल्या भागात अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळायचं असतं. त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्याशिवाय जंतुनाशक, पट्ट्या, खाज कमी करणारी अ‍ॅलर्जीची गोळी, बुरशीचं मलम आणि तुमची नेहमीची औषधं. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा. सुट्या गोळ्या दमट हवेत मऊ पडतात आणि विमानतळावर विचारलं तर सांगताही येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. प्रवासविमा काढताना जंगलातली पदयात्रा त्यात बसते का, हे तपासा.

फोन, कॅमेरा आणि पॉवर बँक

एसी खोलीतून बाहेर आल्यावर कॅमेऱ्याच्या लेन्सवर धुकं का येतं? ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू असतो साधारण २७ अंश. म्हणजे २७ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर पाणी जमणार. तुमचा कॅमेरा रात्रभर २३ अंशांत असतो.

उपाय सोपा आहे. खोलीत असतानाच कॅमेरा झिपलॉक पिशवीत बंद करा. बाहेर आल्यावर अर्धा तास पिशवी उघडू नका. पाणी पिशवीवर बाहेरून जमेल, काचेवर नाही.

सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी आहेत, पण गच्च बंद डब्यात. उघड्या बॅगेत टाकलेल्या पुड्या आजूबाजूची हवा सुकवायला जातात आणि काही वेळातच भरून जातात. चांगल्या झाकणाचा जेवणाचा डबा यासाठी पुरेसा आहे.

फोनच्या पोर्टमध्ये ओलावा दाखवत असेल, तर चार्जर लावू नका. पोर्ट खाली करून हलकेच आपटा आणि पंख्यासमोर ठेवा. तांदळात ठेवू नका, पीठ आणि कण आत जातात.

पॉवर बँक विमानात केबिन बॅगेतच न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा परवानगी असते. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टनं गुणल्यावर ७४ वॉट-तास, त्यामुळे अडचण येत नाही. मलेशियात तीन चौकोनी पिनांचं ब्रिटिश पद्धतीचं सॉकेट आहे. अ‍ॅडॉप्टर घ्या. मचाणावर रात्र काढणार असाल, तर डोक्याला लावायचा टॉर्च हवाच.

बॅग कोणती?

बॅगेवर बाहेरून घालायचं रेनकव्हर पाठीच्या बाजूनं उघडं असतं. पाठीवरून ओघळणारं पाणी आणि घाम तिथून आत जातो. त्यापेक्षा जाड प्लॅस्टिकची मोठी कचऱ्याची पिशवी बॅगेच्या आत अस्तरासारखी घाला. सामान त्यात भरा, तोंड पिळून बांधा.

रेनकोट घालून चढ चढलात, तर आतून घामानं तितकेच भिजता. पातळ पॉन्चो पुरे. तो होडीत आणि थांबल्यावर जास्त कामाचा.

परत आल्यावर

बॅग उघडून सगळं उन्हात टाका. बूट, बॅगेचे कप्पे, टोपीसुद्धा. बंद बॅग दोन दिवस तशीच राहिली, तर बुरशी बसते.

आणि महिनाभरात ताप आला, तर 'प्रवासाचा शीण' म्हणून अंगावर काढू नका. डेंग्यू सहसा दोन आठवड्यांत डोकं वर काढतो. लेप्टो चार आठवड्यांनीही दिसू शकतो आणि मलेरिया त्याहून उशिराही. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या: "मी मलेशियाच्या जंगलातून आलोय." या एका वाक्यानं कोणत्या तपासण्या करायच्या हे बदलतं.

चार दिवसांची यादी (स्क्रीनशॉट काढून ठेवा)

• चालायचे कपडे: पातळ सिंथेटिक पूर्ण बाह्यांचे शर्ट २, पँट २, अंतर्वस्त्रं ४
• झोपायचा कोरडा जोड १, झिपलॉक पिशवीत
• मोजे ३ जोड अधिक १ फक्त रात्रीचा, लीच सॉक्स १
• रबरी किंवा जाळीचे बूट, गावासाठी फ्लोटर
• पातळ टॉवेल, पॉन्चो, टोपी
• जाड कचऱ्याच्या पिशव्या ३, झिपलॉक पिशव्या १०
• डासांचं क्रीम, पेट्रोलियम जेली, ओआरएस ६, औषधं आणि चिठ्ठी
• दोन बाटल्या, डोक्याचा टॉर्च, पॉवर बँक, अ‍ॅडॉप्टर
• पासपोर्टची प्रत, विम्याचे कागद, वेगळ्या पिशवीत

घरी ठेवा: जीन्स, चामड्याचे बूट, जाड टॉवेल, स्वेटशर्ट, अत्तर आणि 'असू दे' म्हणून घेतलेला पाचवा टी-शर्ट.

मचाणावरची ती रात्र माझी राहिली ती राहिलीच. पुढच्या वेळची बॅग भरून तयार आहे, साडेसहा किलोची. आईनं ती उचलून पाहिली आणि विचारलं, "एवढीच?"